बसणाऱ्यांनाही उठू द्या



या वेळी पुढ्यात एक पत्र आहे. लिहिणाऱ्या भगिनी मूळच्या पुण्याकडच्या. त्यांचे यजमान चाकणच्या एका कारखान्यात होते. चार वर्षांपूर्वी हरियाणातील मानेसर येथे त्यांची बदली झाली आणि हे कुटुंब गुरुग्रामला राहावयास गेले. मोटारीच्या सुट्या भागांचे आराखडे संगणकावर तयार करणे हे यजमानांचे काम. सकाळी कंपनीची बस दाराशी येते, तीत पाऊण तास बसावयाचे, कचेरीत नऊ तास बसावयाचे, संध्याकाळी महामार्गावरील गर्दीतून परत येताना सव्वा तास बसावयाचे, आणि घरी आल्यावर, भगिनींच्याच शब्दांत सांगावयाचे तर, "दमून बसावयाचे." वय ४३. वर्षभर कंबर धरलेली असते. मान वळविताना कळ येते. गेल्या महिन्यात रक्ताची तपासणी झाली, तीत साखरेची तीन महिन्यांची सरासरी ६.१ टक्के निघाली. म्हणजे मधुमेह नव्हे, परंतु मधुमेहाच्या उंबरठ्यावर पाऊल पडले आहे. डॉक्टरांनी सांगितले, "चाला." चालण्याचे बूट आणले गेले. ते मे महिन्यात उन्हामुळे आणि नोव्हेंबरात धुरामुळे दाराआड तसेच पडून आहेत.

पत्राच्या शेवटी दोन प्रश्न आहेत. पाठीसाठी कोणती खुर्ची घ्यावी, आणि कोणते तेल चोळावे?

तेलाचे उत्तर सोपे आहे. घरात असेल ते चालेल. चोळणाऱ्या हाताची ऊब आणि थोडा विसावा मिळतो, त्याहून अधिक अपेक्षा तेलाकडून करू नये. खुर्चीचे उत्तर मात्र एका ओळीत देता येण्याजोगे नाही. किंबहुना प्रश्न खुर्चीचा नाहीच, असे मला वाटते, आणि तेवढे समजावून सांगण्यासाठीच आजचे हे पान खर्ची घालीत आहे.

मानेसर हे नाव महाराष्ट्रातील पुष्कळ वाचकांस वर्तमानपत्रांतूनच ठाऊक असेल. दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, अरवलीच्या बुटक्या डोंगरांच्या कडेला, गुरुग्राम जिल्ह्यातील हे एक खेडे होते. हरियाणा सरकारच्या महामंडळाने तेथे औद्योगिक वसाहत वसविली. २००१ साली होंडाच्या स्कूटरी तेथे तयार होऊ लागल्या, २००७ साली मारुती सुझुकीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, आणि मोठ्या कारखान्यांच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांच्या रांगा उठल्या. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाच्या कमांडोंची छावणी त्याच गावात आहे. म्हणजे एकाच शिवारात पाहा: पहाटे पाठीवर ओझे घेऊन धावणारे जवान आहेत, दिवसभर उभे राहून यंत्राच्या गतीने जोडणी करणारे कामगार आहेत, आणि त्याच कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, काचेच्या भिंतींआड, दिवसभर हलायचे नाही अशी जणू शपथ घेतलेले अभियंते आणि हिशेबनीस आहेत.

यांपैकी उभ्याने काम करणाऱ्याची दखल कायद्याने फार पूर्वी घेतली. १९४८ च्या कारखान्यांविषयीच्या अधिनियमात ४४ वे कलम होते: ज्या कामगारांस उभे राहून काम करणे भाग आहे, त्यांना कामात संधी मिळेल तेव्हा टेकता यावे म्हणून मालकाने बसण्याची योग्य सोय करावी. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य यांविषयी २०२० साली जी नवी संहिता संमत झाली, तिच्यातही ही सोय सांगितलेली आहे. दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्यांना बसण्याचा हक्क केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली कायद्याने दिला. ही सर्व योग्य गोष्ट झाली. परंतु जो बसलेला आहे त्याला उठता यावे, असे कलम कोणाच्या मनात आले नाही. यात कायदा करणारांस बोल लावावयाचा नाही. त्या काळी बसून करावयाची नोकरी म्हणजे सुखाची नोकरी असेच सर्वजण समजत. आपल्या भाषेत 'खुर्ची' या शब्दाला सत्तेचा अर्थ चिकटला आहे, तो काही उगाच नव्हे.

आणि त्या वेळच्या बैठ्या कामात उठण्याची पुष्कळ कारणे दडलेली होती, हे आपण विसरतो. जुन्या कचेरीतील कारकून आठवा. दप्तरखान्यातून फाईल काढून आणावयाची, टंकलेखकाकडे मसुदा न्यावयाचा, साहेबांची सही घेण्यासाठी खोलीबाहेर तिष्ठत उभे राहावयाचे, दूरध्वनी दुसऱ्या टोकाला असल्याने 'तुमचा फोन आहे' अशी हाक आली की धावावयाचे. कोणी त्याला व्यायाम म्हणत नसे. उलट कटकट म्हणत. संगणकाने ही सर्व कटकट बोटाच्या टोकाशी आणून ठेविली. फाईल पडद्यावर, सही पडद्यावर, शेजारच्या मेजावरील माणसाला निरोपही पडद्यावरूनच! काम वाढले, वेळ वाचला, आणि दिवसातून तीस-चाळीस वेळा खुर्चीतून उठणारा माणूस आता तीन-चार वेळाच उठू लागला.

बसल्याने बिघडते ते काय? पत्रातील गृहस्थांना त्रास कंबरेचा वाटतो, म्हणून तेथून आरंभ करू. पाठीच्या मणक्यांमध्ये ज्या लवचिक चकत्या असतात, त्यांना मोठ्या वयात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. पाण्यात दाबून सोडलेल्या स्पंजाप्रमाणे, भार कमी-अधिक होत राहिला की त्यांत पोषक द्रव ये-जा करतो. तासन्‌तास एकाच ठेवणीत बसले म्हणजे ही ये-जा मंदावते. त्यातच पडद्याकडे मान पुढे काढून बसण्याची सवय. डोके हे चार-पाच किलोंचे ओझे आहे. ते खांद्यांच्या रेषेत असेपर्यंत जाणवत नाही, पुढे झुकले की मानेचे स्नायू ते दिवसभर दोरीने ताणून धरल्यासारखे धरतात. संध्याकाळी येणारी कळ ती हीच.

तथापि कंबर आणि मान निदान ओरडून सांगतात. न ओरडणारे नुकसान अधिक मोठे आहे. पायांतील रक्त हृदयाकडे वर चढविण्याचे काम एकट्या हृदयाचे नसते. पोटरीचे स्नायू आवळले की ते शिरांना पिळतात आणि शिरांमधील झडपांमुळे रक्त वरच्याच दिशेने सरकते. पोटरी हालली नाही की रक्त खाली रेंगाळते, घोटे सुजतात, आणि क्वचित प्रसंगी शिरेत गुठळीही धरते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव होत होता तेव्हा लोक रात्र-रात्र तळघरांत कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढीत. त्यांपैकी काही जणांस फुप्फुसात गुठळी अडकून अवचित मृत्यू आल्याचे कीथ सिम्पसन या वैद्यकतज्ज्ञाने १९४० साली नोंदविले. खुर्चीची पुढची कड मांडीखालच्या शिरांवर दाबली जाई, हे त्याने ओळखले. आपल्या कचेरीत असा प्रसंग सहसा येत नाही. परंतु लांबच्या प्रवासात तो येऊ शकतो, हे लक्षात असू द्यावे.

आता साखरेकडे वळू, कारण या पत्रातील खरी काळजीची गोष्ट ती आहे. जेवणानंतर रक्तात जी साखर येते, तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू, आणि शरीरातील सर्वांत मोठे स्नायू मांड्यांत व नितंबांत आहेत. म्हणजे नेमके तेच, जे खुर्चीत बसल्यावर निजतात. स्नायू हालत असला की तो इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतो. निजला असला तर ते सर्व काम इन्सुलिनवर पडते, आणि स्वादुपिंडाला ते अधिकाधिक तयार करावे लागते. रक्तातील स्निग्ध पदार्थ उचलणारे एक विकरही निजलेल्या स्नायूत मंद होते. दुपारचा डबा खाऊन लगेच मेजाला चिकटणाऱ्या माणसाच्या शरीरात रोज काय घडते, ते यावरून ध्यानी येईल.

मेलबर्न येथील संशोधकांनी २०१२ साली याची परीक्षा पाहिली. वजन जास्त असलेल्या १९ स्त्री-पुरुषांना एके दिवशी गोड पेय देऊन पाच तास सलग बसविले. दुसऱ्या एका दिवशी तेच पेय देऊन दर वीस मिनिटांनी केवळ दोन मिनिटे सावकाश चालावयास लाविले. एवढ्याने रक्तातील साखरेची चढ सुमारे एक-चतुर्थांशाने कमी झाली. भरभर चालणे अवश्य नव्हते. सावकाश चालल्यानेही लाभ झाला. प्रयोग लहान होता हे खरे, परंतु नंतरच्या प्रयोगांचा कौलही याच बाजूस पडला आहे. माझ्या मते या सर्व विषयातील सर्वांत उपयोगी माहिती ही आहे. ती पत्रातील गृहस्थांना उन्हात किंवा धुरात जावयास सांगत नाही. मजल्यावरचा व्हरांडा तिला पुरेसा आहे.

बैठ्या कामाचे दोष नवे आहेत असे मात्र कोणी समजू नये. व्यवसायजन्य रोगांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिणारे इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामात्झिनी यांनी १७०० सालीच बसून काम करणाऱ्या शिंप्यांना आणि चांभारांना सुटीच्या दिवशी तरी अंग हालवा असे बजाविले होते, आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांची दुखणी वेगळी सांगून सतत बसणे हे त्यांचे एक कारण म्हणून दिले. पण 'बजावणे' निराळे आणि आकड्यांनी दाखविणे निराळे. ते काम पुढे जेरी मॉरिस या इंग्रज डॉक्टरांनी केले, आणि त्याची कथा मुंबईच्या दुमजली बसगाड्या पाहिलेल्या वाचकांना विशेष पटेल.

लंडनच्या दुमजली बसमध्ये दोघे नोकर असत. चालक दिवसभर आपल्या जागी बसलेला. वाहक तिकिटे देत दिवसभर जिना चढ-उतार करणारा, तोही पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. दोघांचा मालक एक, पगाराची पायरी जवळपास सारखी, वस्तीही तीच. मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी सुमारे ३१,००० वाहतूक-नोकरांच्या आजारपणाच्या नोंदी तपासून १९५३ साली दाखविले की, हृदयविकार चालकांत वाहकांपेक्षा अधिक आहे. वाहकांना तो झालाच तर उशिरा होतो आणि तितका घातक ठरत नाही. टपालखात्यातही तोच प्रकार आढळला: पत्रे वाटीत फिरणारा पोस्टमन बरा, मेजापाशी बसणारा कारकून त्याहून वाईट. मॉरिस हे प्रामाणिक संशोधक होते. तीन वर्षांनी त्यांनीच चालकांच्या गणवेशाची मापे तपासली आणि चालकांच्या विजारी नोकरीच्या आरंभापासूनच कंबरेत रुंद असल्याचे जाहीर केले. म्हणजे फरकाचे सर्व श्रेय जिन्याला देता येत नाही. तरीही जिन्याचा वाटा त्यातून पुसला गेला नाही, आणि पुढील सत्तर वर्षांच्या संशोधनाने तो पक्का केला आहे.

मानेसरला अधिक जवळचे उदाहरण आपल्याच देशातील आहे. कलकत्त्याजवळ, हुगळीच्या काठी चेंगाइल येथे तागाची एक मोठी गिरणी होती. हार्वर्डचे आहारशास्त्रज्ञ ज्याँ मेयर यांनी भारतीय सहकाऱ्यांसह तेथील २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि श्रम यांचा मेळ घालून १९५६ साली तो प्रसिद्ध केला. एकाच गिरणीच्या आवारात त्यांना श्रमांच्या सर्व पायऱ्या सापडल्या: बाजारात दिवसभर गादीवर बसणारे दुकानदार, कचेरीतील कारकून, यंत्रावरचे कामगार, ओझी वाहणारे हमाल. आपण समजतो की जो कमी श्रम करतो त्याला भूकही कमी लागते. तसे आढळले नाही. हलक्या श्रमांपासून जड श्रमांकडे जाताना आहार श्रमाबरोबर वाढत गेला आणि वजन बेताचे राहिले. परंतु अगदी बैठे काम करणारे लोक कमी खाण्याऐवजी जड काम करणाऱ्यांइतकेच खात होते, आणि त्यांची वजने सर्वांत अधिक होती. अंग पुरेसे हालेनासे झाले की भुकेचा काटा आपले माप विसरतो, असा याचा अर्थ लावता येतो. पत्र लिहिणाऱ्या भगिनी सांगतात की, "हे काही फार खात नाहीत, पूर्वीइतकेच खातात." नेमकी तीच तर गोष्ट आहे! आहार पूर्वीचा आहे, दिवस पूर्वीचा राहिला नाही.

येथे एक सावधगिरीचा शब्द. बसणे हे विडी ओढण्याइतके वाईट, असे एक वाक्य सध्या जिकडेतिकडे ऐकू येते. ते मला मान्य नाही. तंबाखूची हानी फार मोठी आहे आणि अशा तुलनेने तिच्याविषयीचे गांभीर्य तेवढे कमी होते. बैठ्या माणसाला वाचण्याची वाट पुष्कळ मोकळी आहे. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रीकरण २०१६ साली झाले, त्यात असे दिसले की, रोज आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांनीही ६० ते ७५ मिनिटे चांगल्यापैकी श्रम केले तर बसण्यामुळे वाढलेला मृत्यूचा धोका जवळपास नाहीसा होतो. अडचण एवढीच की रोज सव्वा तास काढणे संसारी माणसाला सोपे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला, आणि त्याबरोबर बसण्याचा वेळ कमी करून त्याजागी कसलीही, अगदी हलकी देखील, हालचाल घालावी असे स्पष्ट म्हटले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात जवळजवळ निम्मी प्रौढ माणसे या किमान मर्यादेच्या खाली आहेत. पुरुषांत ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी यजमानांची काळजी करताना स्वतःला हिशेबातून वगळू नये.

आता खुर्चीविषयी. खुर्ची नीट असावी हे खरे. तळवे जमिनीवर टेकावेत, न टेकल्यास पायांखाली पाट घ्यावा. कंबरेच्या खोलगट भागाला मागून आधार हवा. नसेल तर घडी घातलेला पंचा पुरतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस असावी, म्हणजे मान झुकत नाही. त्यासाठी महागडे साधन आणण्याऐवजी दोन जाडजूड ग्रंथ खाली ठेविले तरी चालते. एवढे झाले की वीस हजारांची खुर्ची आणि चार हजारांची खुर्ची यांतील फरक बराचसा कमी होतो. महाग खुर्चीचा एक धोका तर असा की तीतून उठावेसेच वाटत नाही. उंच मेजापाशी उभे राहून काम करण्याची टूमही अलीकडे आली आहे. तीत वावगे काही नाही, परंतु दिवसभर निश्चल उभे राहणे हे दिवसभर बसण्यावरचे औषध नव्हे. शिरा फुगलेल्या पायांनी त्याच कारखान्याच्या खालच्या मजल्यावरील कामगार ते सांगू शकेल. शरीर मागते ते स्थित्यंतर.

म्हणून यजमानांनी असे करावे. दर अर्ध्या तासाने, फार तर पाऊण तासाने, उठावे आणि दोन-तीन मिनिटे चालावे. घड्याळाची घंटी लावण्यापेक्षा उठण्याचे कारणच निर्माण करणे बरे, कारण घंटी बंद करता येते. लिटरभराची बाटली मेजावर ठेवू नये. लहान पेला ठेवावा, तो संपला की भरावयास जावे. पाणी पोटात गेले म्हणजे आणखी एकदा उठणे आपोआप घडते! चहा जागेवर मागवू नये. दूरध्वनी उभ्याने घ्यावा. तिसऱ्या मेजावरील सहकाऱ्याला निरोप लिहून पाठविण्याऐवजी त्याच्यापाशी जावे. डबा मेजावर उघडू नये, आणि जेवणानंतरची दहा मिनिटे व्हरांड्यात किंवा जिन्यावर घालवावीत. मे-जूनच्या उष्म्यात आणि थंडीच्या आरंभीच्या विषारी धुक्यात दिल्लीच्या परिसरात बाहेर चालण्याचा आग्रह धरू नये. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी तर मुळीच धरू नये. आयुष मंत्रालयाने कचेऱ्यांसाठी पाच मिनिटांचा योगाभ्यास बसविला आहे, त्यात ताडासन, कटिचक्रासन, खांदे फिरविणे, प्राणायाम असे साधे प्रकार मेजापाशीच करता येतात. डोळ्यांनाही मधूनमधून खिडकीबाहेर दूरवर पाहू द्यावे.

हे सर्व सांगणे सोपे आहे, आणि ते न होण्याचे कारण आळस हेच आहे असे मला वाटत नाही. मी उमेदवारी केली त्या कचेरीत एक ज्येष्ठ अधिकारी होते. त्यांच्या काचेतून सर्व मेजे दिसत. कोणी उठले की ते त्याच्याकडे न पाहता भिंतीवरील घड्याळाकडे पाहत. शब्द एक नाही! आम्ही दुपारचे चार-चार तास मूत्र आवरून बसत असू. कामसू माणूस म्हणजे जागेवर दिसणारा माणूस, ही समजूत आजही गेलेली नाही. आता तर काही ठिकाणी संगणकच बोटांच्या हालचालींचा हिशेब ठेवतो. माणसाने मधूनमधून उठावे असे वैद्यकशास्त्र म्हणते, आणि उठला तर तो कामचुकार, असे त्याचा वरिष्ठ म्हणतो. अशा वेळी तो कोणाचे ऐकेल ते उघड आहे. या पानाचे वाचक असलेल्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. आपण स्वतः उठावे, आणि दिसेल असे उठावे. दुपारी साडेतीनला विभागप्रमुख जर व्हरांड्यात दोन फेऱ्या मारताना दिसला, तर कोणत्याही परिपत्रकावाचून सर्व मजल्याला परवानगी मिळते. दोघा-तिघांची बैठक असेल तर ती चालता-चालता घ्यावी. यंत्राला तेल घालण्यासाठी ते थांबवावे लागते, हे मोटारी करणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

घरातही अशीच एक रीत आहे आणि तिच्याविषयी भगिनींशी थोडे मोकळेपणाने बोलावे लागेल. यजमान दमून येतात. आपण पाण्याचा तांब्या हातात देता, चहा हातात देता, ताट पुढ्यात ठेवता, मुलगा चष्मा आणून देतो. हे प्रेम आहे, यात शंका नाही. परंतु ज्याने अकरा तास बसून काढले त्याचा थकवा नांगरटीचा थकवा नव्हे. तो मेंदूचा आणि ताटकळलेल्या अंगाचा आहे, आणि हालचालीने तो उतरतो. पाणी त्यांनाच घेऊ द्या. ताटे मांडणे, भांडी उचलणे, अंथरुणे घालणे ही कामे त्यांच्याकडे सोपवा. आरंभी घरात थोडे चमत्कारिक वाटेल. सासूबाई असतील तर अधिकच वाटेल! गुडघे धड असतील तर रात्रीचे जेवण पाटावर बसून घ्यावे. जमिनीवरून हात न टेकता उठणे हा मांड्यांचा उत्तम व्यायाम आहे आणि पंगतीने तो आपल्या पूर्वजांना फुकट दिला होता. जेवणानंतर शतपावली. आजोबांच्या या सवयीला आपण जुनाट म्हणून हसत होतो, आणि मेलबर्नच्या प्रयोगशाळेने तिलाच दुजोरा दिला. घराच्या गच्चीवर किंवा इमारतीच्या आवारात दोघांनी मिळून पंधरा मिनिटे घातली तर पुरे. सकाळी वेळ असेल तर सूर्यनमस्कार घालावेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून ते सक्तीचे केले होते आणि स्वतः उतारवयापर्यंत घातले. त्यांना दोन हात जागेपलीकडे काही लागत नाही. सहापासून आरंभ करावा. कंबर दुखत असेल तोवर पुढे वाकण्याची घाई करू नये.

चेन्नई येथील डॉ. रामचंद्रन यांच्या पाहणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांना तीन वर्षे पाहिले गेले. रोजचे चालणे आणि आहारातील बदल यांनीच मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ६.१ हा आकडा मागे जाऊ शकतो.

काही लक्षणे मात्र व्यायामावर सोडावयाची नाहीत. पायात मुंग्या येऊन तो लुळा वाटू लागणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, लघवीवरील ताबा सुटणे. एकाच पोटरीला सूज व दुखरेपणा, त्यासोबत धाप. चालताना छातीत दडपण. यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खुर्ची घेण्यासाठी बाजूस ठेविलेले पैसे तूर्त तसेच राहू द्यावेत. आज रात्री यजमानांच्या पोटाचा घेर मोजावा: सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून. आपल्या लोकांत पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही सीमा धरतात. आपलाही मोजावा. दोन्ही आकडे स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर तारखेसह लिहावेत, आणि बरोबर तीन महिन्यांनी साखरेची तीच तपासणी त्याच प्रयोगशाळेतून पुन्हा करून घ्यावी. काय निघाले ते अवश्य कळवावे.